नागपूरचा उन्हाळा आणि डीडीसी पंप : प्रकल्प नोंदी

२१ एप्रिल २०२४, रविवार

काल रात्री एका बंगल्याचा वॉकथ्रू (थ्रीडी फिल्म) रेंडरला, म्हणजे पीसीवर तयार व्हायला, लावून झोपलो, सकाळी साडेसहाला बघतो तर पीसी बंद. हा पीसी पाण्याने थंड होतो, एक छोटा पंप पाणी चिपांवरच्या ब्लॉकमधून आणि रॅडिएटरमधून फिरवत राहतो. आधी वाटलं लाइट गेली असेल, पण मायक्रोवेव्हचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं म्हणजे लाइट गेली नव्हती. बटन दाबलं तर लगेच चालू झाला, पंपही चालू, तापमान नॉर्मल, जणू काही झालंच नाही.

मग लॉग फाइल उघडली. दर पाच सेकंदाला आकडे लिहिले जातात त्यात. ३ वाजून १२ मिनिटांनी पंपाचा आरपीएम (मिनिटाला फेरे) ४३०० वरून सरळ शून्य. हळूहळू कमी नाही झाला, एकदम शून्य. त्यानंतर सीपीयू (प्रोसेसर) ९० अंशांना टेकला, मागोमाग जीपीयू (ग्राफिक्स कार्ड), आणि मग मशीन बंद पडलं. आणि ज्या गोष्टीने मला खरी भीती वाटली ती ही की त्या वेळात पाण्याचं तापमान खाली येत होतं! ५१, ५०, ४८. कारण पाण्याचा सेन्सर रॅडिएटरच्या बाहेरच्या तोंडाशी बसवलाय, पंप थांबला की तिथलं पाणी जागच्या जागी उभं राहतं आणि रॅडचे पंखे ते गार करत बसतात, आणि तिकडे ब्लॉकमधलं पाणी तापत राहतं. म्हणजे पाण्याच्या सेन्सरवर भरवसा ठेवून मी वर्षभर निवांत झोपत होतो आणि तो सेन्सर नेमका अशा वेळी उलटं सांगतो.

खोलीतल्या कूलरची टाकी रात्री संपली होती त्यामुळे कूलर नुसती गरम हवा फेकत होता, खोली ३८ वर असावी.

नवीन कोणी वाचत असेल तर सेटअप सांगतो. छोटं कॅबिनेट, प्रोसेसर रायझन ९ ५९५०एक्स, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८०, एक २४० आणि एक २८० मिमीचा रॅड (रॅडिएटर), १८ वॉटवाला डीडीसी पंप, वर छोटी टाकी. फुल लोडला सीपीयू १४२ आणि कार्ड ३२० वॉट धरलं तर साधारण ४६० वॉट उष्णता पाण्यात जाते.

२७ एप्रिल, शनिवार

आठवडाभर हाफ लोडवर काम ढकललं. आज कॅबिनेट उघडून पंपाकडे नीट बघितलं.

चूक समोरच होती. आवाज नको म्हणून मी पंप ८ मिलिमीटरच्या फोमवर दुहेरी टेपने चिकटवलाय, आणि फोमच्या खाली कॅबिनेटचा डस्ट फिल्टर, त्यावर धुळीचा थर बसून त्याची अक्षरशः सतरंजी झालेली. कंपनं मस्त शोषली जायची, पंप ऐकूच यायचा नाही. पण मी त्याच्या खाली गादी घालून वरून पांघरूण घातल्यासारखं केलं होतं.

यात पंप कसा बांधलाय ते कळलं पाहिजे. वॉटर कूलिंगमध्ये दोन पंप जास्त चालतात, डी५ आणि डीडीसी, दोन्ही मूळ लेंगच्या डिझाइनचे, आता झायलेमकडे आहेत. दोन्हीत रोटर पाण्यातच असतो, एका छोट्या सिरॅमिक गोळीवर फिरतो आणि त्या गोळीला वंगण म्हणून ते पाणीच असतं, वेगळं तेलबिल काही नाही. शाफ्ट बाहेर येत नाही त्यामुळे गळायला सील नाही. पण कॉइल आणि सर्किट कोरड्या बाजूला असतात, मध्ये धातूची पातळ वाटी. डी५ अंगाने मोठा आहे, त्याची बरीचशी उष्णता पाण्यात जाते. डीडीसी त्याहून बराच छोटा, त्यात १८ वॉट, आणि सर्किट बोर्ड एकदम बुडाशी, प्लॅस्टिकच्या झाकणाला लागून. म्हणजे बोर्डाची उष्णता वर पाण्याकडे नीट पोचत नाही आणि खाली प्लॅस्टिक तिला सोडत नाही. म्हणून डीडीसीला बुडाखाली हवा लागते. मी तीच बंद केली होती.

मोजल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून बर्डीच्या बाजारातून १० किलोओमचे दोन थर्मिस्टर (तापमान मोजायचे सेन्सर) आणले, एक पंपाच्या बुडाला कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी टेप) चिकटवला, दुसरा पाण्यासाठी, आणि पंप परत होता तसाच फोमवर बसवला. अर्धा तास लोड. पाणी ४५. बूड ७६. आणि हे झाकणाच्या बाहेरून, आत बोर्डावर किती असेल ते वेगळंच. पंप थांबला त्या रात्री पाणी ५१ होतं म्हणजे बूड ८०च्या वर गेलं असणार, आतल्या चिपने स्वतःला वाचवायला पंप बंद केला आणि थंड झाल्यावर परत चालू, असाच माझा अंदाज आहे. पंपाला दोष देण्यासारखं काही नाही यात.

पाणी थंड आहे म्हणजे पंप थंड आहे, असं मी धरून चाललो होतो. पाणी आणि पंपाचं बूड यात ३१ अंशांचा फरक निघाला.

५ मे, रविवार

आज घरचे कूलर उन्हाळ्यासाठी नीट करायला मिस्त्रीकाका आले होते (उशीरच झाला यंदा). नागपुरात कूलरचा पंप जळणं ही दर मे महिन्याची गोष्ट आहे, त्यांच्या पिशवीत नेहमी चारपाच जळके पंप असतात. त्यांना माझा पीसी उघडा दिसला, पाइप दिसले, विचारलं हे काय. मी सांगितलं, कॉम्प्युटरचा कूलरच आहे काका, यात पण पंप आहे. ते वाकून बघत म्हणाले, "पाणी पाह्यल्याशिवाय बटन दाबाचं नाही बाप्पा. पंप कोल्डा फिरला का गेलाच समज."

कोल्डा म्हणजे कोरडा. बरोबर तेच. कूलरचा पंप पूर्ण पाण्यात बुडालेला असतो, पाणी संपलं की त्याला थंड करणारं कोणीच नाही. आमच्या पंपाची अर्धी बाजू ओली, अर्धी कोरडी. ओल्या बाजूला पाणी नसेल तर सिरॅमिक गोळी कोरडी घासते आणि काही सेकंदांत तिची वाट लागू शकते, म्हणून टाकी पंपाच्या वर असावी, पाणी आपोआप खाली उतरून पंप भरावा, आणि मगच करंट द्यावा. पंप उलटा, म्हणजे मोटर वर आणि तोंड खाली, असा पण बसवायचा नाही, हवेचा बुडबुडा नेमका बेअरिंगपाशी अडकतो.

काकांनी जुन्या कूलरची ट्रे दाखवली, त्यावर पांढऱ्या क्षारांचा जाड थर, नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. आमच्या बोअरचं पाणी तसंच आहे. लूपमध्ये (पीसीच्या पाण्याच्या चक्रात) हे पाणी घातलं तर ब्लॉकच्या केसाएवढ्या फटींत आणि रोटरवर हेच जमणार. मी डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंज न येण्याचं आणि शेवाळ न धरण्याचं कॉन्सन्ट्रेट घालतो. आणि लूपमध्ये अॅल्युमिनियमचं काहीही पाण्याला लागू देत नाही, ब्लॉक तांब्याचे, फिटिंग पितळेच्या, त्यात अॅल्युमिनियमचा रॅड आला तर दोन धातूंची बॅटरी होते आणि अॅल्युमिनियम झिजून त्याचा गाळ फिरत फिरत पंपात येतो. स्वस्तातला रॅड घेताना हे विचारून घ्या, प्लीज.

११ मे, शनिवार

पहिला उपाय, फुकटातला. फोम काढला. कॅबिनेटच्या तळाला चार भोकं होतीच, त्यात १५ मिमीचे स्टँडऑफ (छोटे उभे खांब) आणि रबराचे वॉशर घालून पंप उभा केला, खाली हवा जायला जागा. डस्ट फिल्टर धुतला. तेवढ्यानेच पाणी ४५ असताना बूड ७६ वरून ६६! दहा अंश, आणि खर्च रबराच्या वॉशरांचा. मग ४० मिमीचा छोटा पंखा बाजूने लावून बघितला, ६१ पर्यंत आलं, पण त्याची शिट्टी रात्री शेजारच्या खोलीत ऐकू येते. काढून टाकला.

कंपन थोडं वाढलंय, कॅबिनेटच्या पत्र्यावर हात ठेवला तर जाणवतं.

१८ मे, शनिवार

मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात डीडीसीसाठी धातूचं बूड मिळालं, कुरिअरने काल आलं. अॅल्युमिनियमचं आहे पण हे पाण्याला लागत नाही, कोरड्या बाजूला आहे, म्हणून चालतं. प्लॅस्टिकच्या झाकणाऐवजी हे लावायचं, खाली पंख्यासारख्या पात्या आहेत, आणि बोर्ड व धातू यांच्यामध्ये थर्मल पॅड (उष्णता पोचवणारी मऊ पट्टी).

दुपारी लूप रिकामा केला. चार स्क्रू काढले की वरचा टॉप सुटतो. आत रोटर दिसतो, चुंबकामुळे थोडा घट्ट असतो, दोन बोटांनी वर ओढला की एकदम हातात येतो. तळाशी ती सिरॅमिक गोळी, ज्वारीच्या दाण्यासारखी, चकचकीत. भिंगाखाली बघितली, एकही ओरखडा नाही, फार बरं वाटलं. पण रोटरच्या पात्यांमध्ये एक बारीक पांढरा दोरा गुंडाळलेला होता, केसापेक्षा थोडा जाड, बहुतेक सुरुवातीला रॅड न धुता लावला तेव्हाचा टिश्यूचा धागा. चिमट्याने ओढला तर तीनचार इंच निघाला. दीड वर्ष हा फिरत होता आत. नवीन रॅड लावण्याआधी गरम डिस्टिल्ड पाण्याने हलवून हलवून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, आतमध्ये कारखान्यातला फ्लक्स (डाग देताना वापरतात ते रसायन) आणि कचरा असतो.

आता खरं किचकट काम. केबल प्लॅस्टिकच्या छोट्या भोकातून बाहेर येते आणि मोलेक्सचा कनेक्टर (पॉवर सप्लायला जोडायचा प्लग) त्यातून जात नाही, म्हणून कनेक्टरमधून एकेक पिन काढायची. सेफ्टी पिनने पिनीच्या दोन्ही बाजूंची जीभ आत दाबायची आणि मागून वायर ओढायची. पिवळी निघाली, काळीने अर्धा तास घेतला. कोणती कुठे होती त्याचा फोटो आधी काढून ठेवा, पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, उलटी लागली तर बोर्ड गेलाच.

बोर्ड बाहेर आला तेव्हा प्लॅस्टिकच्या झाकणावर आतून एका चिपच्या बरोबर समोर पिवळट गोल डाग दिसला, उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या बादलीला येतो तसा. फोमची कमाल ती.

पॅड पहिल्यांदा १ मिमीचा लावला. घट्ट केलं, परत उघडलं, पॅडवर चिपचा ठसा बघितला तर ठसाच नाही, म्हणजे पॅड धातूला लागतोय पण चिपला लागतच नाहीये. हे तपासलं नसतं तर धातूचं बूड असून नसल्यासारखं झालं असतं आणि मी म्हणत बसलो असतो की हिटसिंकने काही होत नाही. १.५ मिमीचा लावला, उघडलं, चौकोनी ठसा स्पष्ट, काठ पण दिसतात. बसला.

बंद करताना ओ-रिंग (पाणी अडवणारी रबराची कडी) खाचेतून सरकली आणि मला कळलं नाही. पाणी भरण्याआधी हवेने लीक टेस्ट केली, अर्धा बार दाब, दहा मिनिटांत काटा खाली. टॉप काढला, रिंग एका कोपऱ्यात चिमटली होती, कापली नव्हती नशिबाने. कूलंटचा एक थेंब बोटाने फिरवून परत बसवली, स्क्रू तिरपे तिरपे, एकदम एक पूर्ण आवळायचा नाही. मग काटा तासभर हलला नाही.

भरताना मदरबोर्डला करंट दिला नाही, पॉवर सप्लायच्या २४ पिनमधली हिरवी आणि शेजारची काळी वायर जोडली, फक्त पंपाला करंट. टाकी भर, दोन सेकंद चालू, बंद, परत भर. साताठ वेळा. रात्री अकराला बुडबुडे संपले आणि पंपाचा खरखर आवाज गेला.

२५ मे, शनिवार

नवतपा लागला. बाहेर रस्त्यावर कुत्रं नाही. कूलर चालू ठेवून खोली ३५.

खरी परीक्षा आज, चार तास सलग रेंडर. पाणी ४७, पंपाचं बूड ५६. म्हणजे आधी पाण्याच्या वर ३१ अंश होतं ते आता ९ वर आलं. पाण्याची मर्यादा या पंपाला ६० आहे, त्याच्या खालीच आहोत, पण फार खाली नाही, आणि नागपुरात पाणी याहून फार खाली नेता येणार नाही कारण रॅड कितीही मोठा लावा पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली जात नाही. म्हणून इथे कूलरची टाकी भरलेली असणं हा पीसीचाच भाग आहे असं मी आता धरतो, टाकीवर फ्लोट वाल्व लावून घेतला, पाणी आपोआप भरतं.

दुसरा प्रयोग, पंपाचा स्पीड. सगळे १००% वर पळवतात, मी पण. फ्लो मीटरवर १००% ला मिनिटाला ३ लिटर, ७०% ला २.१. आता हिशोब करा, एक लिटर पाणी एक अंश तापवायला साधारण ४१८६ ज्यूल लागतात, मिनिटाला ३ लिटर म्हणजे ४६० वॉटला पाणी एका फेरीत २.२ अंश तापतं. २.१ लिटरला ३.१ अंश. फरक एका अंशाचा! सीपीयूवर पण मला १ ते २ अंशच जास्त दिसले. उलट पंपाला लागणारी ताकद स्पीडच्या घनाने कमी होते, ०.७ चा घन ०.३४, म्हणजे पाणी ढकलायचं काम एक तृतीयांश. विजेचा खर्च तेवढा कमी होत नाही कारण मोटरचे स्वतःचे लॉस असतात, पण बूड ५६ वरून ५१ झालं आणि कंपन जवळजवळ गेलं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये जुना ठोकताळा आहे की तापमान १० अंशाने कमी झालं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट. सीपीयूच्या दीड अंशासाठी पंपाला का भाजायचं? ७०% वर फिक्स केला. ऑटो कर्व्ह (तापमानाप्रमाणे स्पीड बदलणं) नाही, सतत वरखाली होणारा पंप ऐकायला पण नको वाटतो.

३१ मे, शुक्रवार

काल नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, सगळ्यांच्या फोनवर तीच बातमी. मग कळलं की सेन्सरचा बिघाड.

ते वाचून माझ्या थर्मिस्टरबद्दल शंका आली. स्टीलच्या गडूमध्ये बर्फ कुटून, वर थोडं पाणी घालून ढवळलं, दोन्ही थर्मिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बुडवले. शून्य यायला हवं. एक ०.४, दुसरा १.९. दुसरा पाण्याचा आहे. म्हणजे पाणी ४७ म्हणत होतो ते खरं ४५ च्या आसपास. बाकी हिशोबात बूड आणि पाण्यातला फरक ९ नाही, १० ते ११ धरायचा. वरच्या नोंदी तशाच ठेवतोय, बदलत नाही.

८ जून, शनिवार

पंप थांबला तर कळायला हवं, हे २१ एप्रिलपासून राहिलं होतं.

पंपाचा करंट सरळ पॉवर सप्लायकडून, मोलेक्सने. मदरबोर्डच्या साध्या फॅन हेडरवर (पंखा जोडायच्या पिनांवर) सहसा १ अँपिअर म्हणजे १२ वॉट मिळतात, १८ वॉटचा डीडीसी किंवा २३ वॉटचा डी५ त्यावर लावला तर हेडर जळू शकतो. हेडरला फक्त आरपीएमची आणि पीडब्ल्यूएमची (स्पीड ठरवणाऱ्या सिग्नलची) वायर, आणि ती सीपीयू फॅनच्याच हेडरला, दुसऱ्या कुठल्या नाही, कारण तिथे आरपीएम आला नाही तर बायोस (पीसी चालू होताना आधी चालणारा प्रोग्राम) सुरुवातीलाच थांबून ओरडतो. चालू असताना पंप थांबला तर त्यासाठी छोटी स्क्रिप्ट, आरपीएम १५०० च्या खाली सलग १० सेकंद गेला की रेंडर बंद, मशीन बंद. पाण्याच्या तापमानावर अलार्म आहे पण तो दुय्यम, का ते वर सांगितलंच.

टेस्ट केल्याशिवाय विश्वास नाही. काही लोड नसताना पंपाचा मोलेक्स ओढला. ११ सेकंदांत मशीन बंद व्हायला सुरुवात झाली. सीपीयू तोवर ६३. परत लावलं, परत ओढलं, तीन वेळा.

१५ सप्टेंबर, रविवार

पावसाळा संपत आलाय, आज कूलंट बदललं. तीन महिन्यांत पंप एकदाही थांबला नाही, आरपीएमचा ग्राफ सरळ रेष आहे. काढलेलं पाणी पांढऱ्या वाडग्यात उजेडात बघितलं, स्वच्छ, पण तळाशी किंचित चिकट पांढरट थर बोटाला लागला. मऊ पीव्हीसी पाइपमधलं प्लास्टिसायझर असतं ते, उन्हाळ्यात पाणी ४५ च्या पुढे असल्यावर जास्त सुटत असावं. ब्लॉक उघडला तर फटींच्या तोंडाशी पण थोडं. पुढच्या वेळी काळा ईपीडीएम रबराचा पाइप घेणार, दिसायला साधा पण त्यातून हे सुटत नाही.

टॉप काढलाच होता तर गोळी परत भिंगाखाली धरली. तशीच चकचकीत. ओ-रिंग नवीन टाकली, पात्यांवरची धूळ ब्रशने काढली (बुडाच्या पात्यांत धूळ भरली की फोमसारखंच होतं), आणि टाकीच्या मागच्या बाजूला मार्करने तारीख लिहून ठेवली. मार्चमध्ये, कूलर बाहेर काढायच्या आठवड्यातच, परत उघडायचा.